एका टिंबाचा फरक

तार्तूच्या इस्पितळात तळघराला खिडकी नाही,
म्हणून मारिकाने भिंतीवर एक कॅलेंडर टांगलंय:
मे महिना, तुडुंब एमायॉगी नदी, खाली बँकेची जाहिरात.
वर, रस्त्यावर, डिसेंबर.
साडेतीनलाच मिट्ट काळोख.

जुन्या फायली नव्या यादीत बसवायच्या, हे तिचं काम.
यादी दर काही वर्षांनी कूस बदलते.
एखादा आजार फुटून त्याचे दोन होतात,
एखादा शेजारच्या खणात राहायला जातो,
एखाद्यावर दूरच्या शहरात मतदान होतं, हात वर होतात,
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी
कितीतरी माणसं बरी न होताच बरी होतात.

मारिका डॉक्टर नाही.
जुना आकडा खोडते, नवा घालते.
दिवसाला चाळीस.
मधे काळा पाव, धुरावलेले मासे, बोटं पुसून पुन्हा.

आज हेल्डुर किविसिल्डची फाइल.
व्यवसाय: नदीचं पाणी मोजणे.
दाखल: ऑक्टोबर १९७४.
निदान: मंद वाहणारा स्किझोफ्रेनिया.
(नदी मोजणाऱ्याला द्यायला
वाहणाराच आजार सापडला त्यांना.)
लक्षणं: सुधारणेचा भ्रम. पत्रलेखन.
एकोणीस पत्रं मंत्रालयाला, पुराव्यादाखल टाचलेली,
की कातड्याच्या कारखान्याखाली मासा उरलेला नाही.
समासात लाल पेन्सिल:
"रुग्ण तेच तेच आकडे सांगतो."
सांगणारच. पाणी तेवढंच होतं.

मारिका आजाराचं नाव टाइप करते.
यंत्र म्हणतं: जुळणारं काही नाही.
तो देश गेला, जाताना
आपला हा आजारही सामानात घेऊन गेला.

म्हणजे चांगला होता बिचारा, ती पुटपुटते,
आणि रिकामं सोडून पुढे जाणार
तर एकतिसाव्या पानाच्या पाठीवर
निळी शाई, रशियन नाही, घरची भाषा,
रात्रपाळीची नर्स, लेइडा:
"तीन वाजता जागा. बूट हातात घेऊन बसलेला.
म्हणाला, बायको गेल्यापासून मिठाला चव नाही,
आणि सकाळ होऊ नये असं वाटतं.
चहा दिला. घेतला नाही."
शेजारचा डॉक्टरांचा रकाना कोरा.

खोट्या नावाने रुमाल टाकून
जागा अडवून ठेवली होती,
खरं दाराशी उभं राहिलं पाच वर्षं.
मग मृत्यूचा दाखला.

खरा आकडा मारिकाला तोंडपाठ आहे.
यादीत शोधावा लागत नाही.
गेल्या मार्चपासून तो तिच्या कोटाच्या खिशात आहे,
घडी घालून, डॉक्टरांच्या सहीनिशी.
त्या दिवशी, खोटं कशाला बोला,
जिन्यात बसून रडली होती ती, सुटल्यासारखी:
ह्याला नाव आहे. माझ्याआधी कुणालातरी झालंय हे.

आमच्यात मूल झालं की बाराव्या दिवशी
कानाशी लागून नाव ठेवतात.
आणि कुणी जरा वेगळं वागलं की
नावं ठेवतात.
डोक्यावरच्या एका टिंबाचा फरक.
मारिकाला मराठी कुठून येणार?
पण पडद्यावर कर्सर उघडमीट करतोय
नेमका तिथेच.

कारकुनाला निदान करता येत नाही. मेलेल्याचं तर नाहीच.
खाली एक चौकट असते, शेरा.
तिच्यात ती लेइडाचं वाक्य उतरवायला घेते,
बुटांसकट, मिठासकट.
चौकट मोजूनमापून अक्षरं घेते.
"चहा दिला" इथपर्यंत मावलं.

"घेतला नाही" बाहेर राहिलं.
ते तिने डबा उघडताना
झाकणाला सांगितलं.